सात मुलाखती, एक मंगळसूत्र

मी शिकले चौथीपर्यंत आणि एकोणीस वर्षं इंग्रजी पुसलं. मरोळ नाक्याच्या जवळ, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आमचा इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास. तिथे मी मावशी होते. मावशी ही पोस्ट असते. सकाळी शटर वर करायचं, खुर्च्या पुसायच्या, संडासात पाणी आहे का बघायचं, तीन बॅचचा चहा करायचा आणि प्रत्येक बॅच सुटली की फळा पुसायचा. फळा पांढरा. पुसायला सोपा वाटतो, पण दोन दिवस तसाच राहिला तर शाई धरून बसते. कोणी चुकून पक्क्या शाईच्या मार्करने लिहिलं तर मग बोंबच. त्यावर उपाय मी स्वतः शोधला. त्याच अक्षरांवरून साधा मार्कर फिरवायचा आणि ओलं आहे तोवर पुसायचं, दोन्ही शाया एकदम निघतात. सरांना हे माहीत नव्हतं. एम. ए. झालेले सर, त्यांना मी शिकवलं, हे मी आजही चार लोकांत सांगते.

क्लासला येणारी पोरं म्हणजे आपलीच. रिक्षावाल्याचा पोरगा, कुणी कार्गोत सामान उचलणारा, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी. मराठी, हिंदी फाडफाड. इंग्रजी आलं की तोंडाला कुलूप. सगळ्यांना विमानतळाच्या आजूबाजूच्या ऑफिसात नोकरी पाहिजे असायची, आणि त्या सगळ्या ऑफिसांत मुलाखतीला एक प्रश्न ठरलेला. तुमच्यावर आलेला कठीण प्रसंग सांगा आणि त्यातून तुम्ही वाट कशी काढलीत ते सांगा.

म्हणून सर दर बॅचला एक दिवस नुसत्या अडचणी शिकवायचे. साहेबलोक अडचणीला काय काय बोलतात त्याची यादी फळ्यावर. इन हॉट वॉटर. इन अ पिकल. ऑन थिन आइस. बॅक अगेन्स्ट द वॉल. सर मराठीत समजवायचे, की गरम पाण्यात पडला म्हणजे गोत्यात आला. पोरं वहीत उतरवायची. मी चहा वाटता वाटता ऐकायचे. लोणच्यात पडला म्हणजे अडकला, असं सर बोलले तेव्हा मी मागून बोलले, "लोणच्यात पडला तर वाईट काय, वर्षभर टिकला तरी."

पोरं हसली, सर पण हसले.

पुसता पुसता माणूस वाचतो. इंग्रजी अक्षरं मला लागत नव्हती, पण सर मोठ्याने बोलायचे ते ध्यानात राहायचं. बघून बघून मला एक गोष्ट दिसली. साहेबाची अडचण सगळी बाहेर असते. पाणी, बर्फ, भिंत, दगड, वादळ. हा बिचारा मध्ये उभा. आमची अडचण अंगात शिरते. नाकी नऊ येतात, तोंडचं पाणी पळतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, कंबरडं मोडतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. हे मी सरांना सांगितलं तर ते मार्कर हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. मग बोलले, "मावशी, उद्यापासून हे मी शिकवताना सांगणार." मी बोलले, "सांगा, पण नाव माझं घ्या."

आता ते मंगळसूत्र.

एका बॅचला सरांनी विचारलं, बॅक अगेन्स्ट द वॉल म्हणजे पाठ भिंतीला टेकली, मागे सरायला जागाच नाही, असा प्रसंग कोणावर आलाय? एकजण बोलला, बाइक पंक्चर झाली. एक बोलली, मोबाइल हरवला. सर वैतागले. मी कप गोळा करत होते. त्यांना काय वाटलं देव जाणे, बोलले, "मावशी, तुम्ही सांगा. तुमच्या आयुष्यात आलं असेल ना असं काही?"

"सर, मला कामं आहेत."

"कप मी धुतो. बसा."

आणि खरंच स्वतःच्या खुर्चीवर बसवलं मला.

मी सांगितलं. क्लासच्या आधी मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायच्या कारखान्यात होते. तिथे नियम असा, की आत जाताना अंगावर काही ठेवायचं नाही. बांगड्या, टिकली, पिना, मंगळसूत्र, सगळं काढून आपापल्या लॉकरमध्ये. गोळ्यांत काही पडायला नको. संध्याकाळी सुटलं की घालायचं आणि घरी जायचं. एक दिवस माझा मोठा मुलगा तापाने फणफणला, शेजारणीचा निरोप आला आणि मी तशीच धावले. मंगळसूत्र लॉकरमध्ये. पोराच्या तापात घरी कोणाचं लक्ष गेलं नाही, उद्या घालू म्हटलं. उद्या गेले तर गेटला कुलूप, कुलुपाला लाखेचं सील आणि वर कागद चिकटवलेला. कारखाना बंद. मालक कुठे ते कोणालाच ठाऊक नाही.

बाया रडत होत्या. पगाराचं काय, फंडाचं काय. मी कुणाला सांगू, की माझं मंगळसूत्र आत आहे? घरी नवरा सहा महिने अंथरुणाला. इमारतीला रंग लावताना परांचीवरून पडलेला, मणक्याला मार. त्याने माझा गळा मोकळा बघितला असता तर त्याला काय वाटलं असतं? सासूने बघितलं असतं तर काय झालं असतं ते मी सांगत नाही. मी पदर गळ्याला घट्ट गुंडाळला आणि घरात शिरले. सासू बोलली, "काय झाला गो घशाक?" मी खोकले. झालं. त्या दिवसापासून अकरा दिवस सासूने मला अडुळशाचा काढा पाजला. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला. खोकला नव्हता, तो त्या काढ्याने आला.

रोज मी गेटवर जाऊन उभी राहायचे. अकराव्या दिवशी जीप आली. कोर्टाकडून साहेब आले होते, आतल्या सामानाची यादी करायला. मी गेटला पाठ लावून उभी राहिले. साहेब बोलले, "बाई, बाजूला व्हा. आतलं सगळं आता सीलमध्ये आहे. कोणाला काही मिळणार नाही."

मी बोलले, "साहेब, मशीन घ्या, गोळ्या घ्या. नवरा माझा हाय, तो आत का ठेवताय?"

साहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग दोन माणसांसमोर सगळे लॉकर उघडले. माझंच नाही, सगळ्या बायांचे. कोणाच्या बांगड्या, कोणाची छत्री, कोणाचा डबा, त्यात अकरा दिवसांची भाजी. एकेक वस्तू लिहून, सह्या घेऊन परत दिली. मी घरी आले, मोरीत जाऊन मंगळसूत्र घातलं आणि बाहेर येऊन बोलले, घसा बरा झाला. सासू बोलली, "बघ, माझो काढो."

वर्गात पोरं आधी हसली, मग एकेकाने वही बाजूला ठेवली. सर बोलले, "हे आहे बॅक अगेन्स्ट द वॉल. कळलं?" सगळ्यांना कळलं. तेव्हापासून ती रीतच पडली. दर बॅचला अडचणीच्या दिवशी मी सरांच्या खुर्चीवर बसायचे, माझी गोष्ट सांगायचे, आणि पोरं ती तुटक्यामुटक्या इंग्रजीत परत सांगायची. सराव म्हणून. माय फॅक्टरी लॉक. माय मंगळसूत्र इनसाइड. मी कौतुकाने ऐकायचे. आपलं दुःख परक्या भाषेत ऐकायला बरं वाटतं, जड लागत नाही.

आणि तिथेच घोटाळा झाला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. विमानतळाजवळच्या एका कंपनीला माणसं पाहिजे होती. सरांनी आमची सात पोरं पाठवली. चांगली तयारी करून पाठवली. दुसऱ्या दिवशी सरांना फोन आला. सर केबिनमध्ये बोलत होते, मी बाहेर फळा पुसत होते. नुसतं "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" ऐकू येत होतं. बाहेर आले तर तोंड असं, की हसावं की रडावं ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

"काय झालं सर?"

"मावशी, सातही जणांनी कठीण प्रसंग म्हणून तुमचं मंगळसूत्र सांगितलं."

"सातही?"

"पहिली मुलगी बोलली तेव्हा मुलाखत घेणाऱ्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरी बोलली तेव्हा त्यांना वाटलं, दोघी एकाच कारखान्यातल्या असतील. तिसरा नीलेश."

"नीलेशने काय सांगितलं? आईचं म्हणून ना?"

"नाही. घाबरला आणि पाठ केलं होतं तसंच बोलून टाकलं. माय मंगळसूत्र वॉज इनसाइड, माय हजबंड वॉज इन बेड."

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून मी खाली बसले. सरही हसले. पण मग हसणं थांबलं, कारण त्या मॅडमनी सातही नावांवर काट मारली होती. पाठ केलेली पोरं नकोत, बोलल्या. सरांनी खूप विनवलं तेव्हा एवढंच कबूल केलं, की पुढच्या शुक्रवारी परत पाठवा, प्रश्न हाच विचारणार. स्वतःचा प्रसंग सांगितला तर बघू. पुन्हा उसनं आणलं तर तुमच्या क्लासची मुलं यापुढे नकोत.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नोकरी जाईल म्हणून नाही, माझी नोकरी कुठे जातेय? सात घरं वाट बघत होती आणि अडचण माझी आड आली होती. इतकी वर्षं तिच्यावर टाळ्या घेतल्या होत्या मी.

संध्याकाळी सातही पोरांना बसवलं. नीलेश मान खाली घालून. मी बोलले, "काय रे, नवरा कसा आहे तुझा?" तेव्हा जरा सगळे मोकळे झाले. मग सर बोलले, आता आपापला प्रसंग सांगा. तर एकेकाचं सुरू झालं, सर, माझ्या लाइफमध्ये तसं काही नाही. मला राग आला. ह्यांच्या चपला रोज मी बघते. कोण भिजून येतो, कोण उपाशी येतो, कोण बसचे पैसे वाचवून पायी येतो, मला सगळं ठाऊक. मी बोलले, "नीलेश, तुझा आजोबा हरवला होता ना मागे? तीन दिवस कुठे कुठे शोधत होतास?" तो बोलला, "हां, पण ते घरातलं आहे, मावशी. ते इंग्लिशमध्ये कशाला?" आता बघा. त्यांना वाटायचं, इंग्रजीत सांगायची ती अडचण वेगळी असते, घरातली चालत नाही.

हळूहळू सहाजणांचं निघालं. सातवी तृप्ती. शेवटच्या खुर्चीवर भिंतीला चिकटून बसणारी, बारीक पोर, आवाज असा की समोर बसलेल्याला पण कान पुढे करावा लागे. ती बोलली, "माझं खरंच काही नाही, मावशी." आणि बॅग उचलून गेली.

हिचं काहीतरी आहे, हे मला बर्फाच्या दिवशीच कळलं होतं. सर ऑन थिन आइस, म्हणजे पातळ बर्फावर, हे शिकवत होते, विचारत होते, बर्फावर चालणं कोणी बघितलंय का. मरोळमध्ये बर्फ कोण बघणार? सगळे गप्प. हिचे ओठ मात्र हलले आणि मिटले.

रविवारी मी सुकट आणायला मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात गेले. पावसाळ्याची बेगमी करायची होती, गर्दी होती. तेवढ्यात एक आवाज आला, असा खणखणीत, की पुढच्या दोन बाया दचकून बाजूला झाल्या.

"ए मावश्यांनो, ए ताई! बोंबील बघा बोंबील, वाजवून घ्या, मोडून घ्या! ओ निळी साडी, पुढे नका जाऊ, पुढे वाळू आहे, इथे जवळा आहे!"

मी बघितलं तर तृप्ती. कंबरेला ओढणी बांधलेली, एक पाय मासळी मांडायच्या फळीवर, हातात बोंबलाची जुडी. बाजूला तिची आई, गळ्याला पंचा गुंडाळून, नुसती तोलून देत होती. एक गिऱ्हाईक सोडे चिवडून बोललं, ओले आहेत. तृप्ती बोलली, "ओले असते तर मी इथे बसले असते काय काका? कालवण करून खाल्लं असतं!" आजूबाजूच्या कोळणी हसल्या.

मग तिने मला बघितलं. आवाज बंद. बोंबील खाली.

"काय गो," मी बोलले, "क्लासला येताना जीभ कुठे ठेवून येतेस? फळीखाली?"

"मावशी, सरांना नको सांगू ना. प्लीज."

"काय नको सांगू? आधी मला तर कळू दे."

तिच्या आईने मला बसायला पाट दिला. काहीतरी बोलली, पण नुसती हवा. मी तोंडाकडे बघितलं तेव्हा कळलं, 'बसा' बोलतेय. तृप्तीने सांगितलं. आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, ही दहावीत होती तेव्हा. जीव वाचला, आवाज गेला. कुजबुजेल तेवढंच. आता कोळीणबाई आणि आवाज नाही, म्हणजे सुताराला हात नाहीत. बाजूच्या फळीवरची ओरडली की गिऱ्हाईक तिकडे. वडील तर आधीच गेलेले. मग ही बसली. पहिले दोन दिवस तोंडच उघडेना. तेव्हाही अशीच लाजरी होती. आई बिचारी लक्ष वेधायला तराजूच्या पारड्यावर वजन वाजवायची, ठाण ठाण. दोन दिवस काही खपलं नाही. तिसऱ्या दिवशी एक बाई आईला बोलली, मुकी आहेस काय गं, भाव सांग. "तेव्हा मावशी, माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले आणि ओरडले. काय ओरडले ते पण आठवत नाही. सगळा बाजार बघायला लागला. त्या दिवशी सगळा माल संपला."

"आणि तू म्हणतेस, माझं काही नाही?"

"लहानपणी धक्क्यावर मासळीच्या बर्फावरून चाललेय मी, त्या दिवशी क्लासमध्ये तोंडावर आलं होतं. पण तिथे एसी ऑफिस आहे, मावशी. सगळे सेंट मारून येतात. बोंबलाचं नाव काढलं तर नाकाला रुमाल लावतील. मी घरून निघताना दोनदा साबण लावते, तरी वाटतं वास येतो."

"येतो," मी बोलले. खोटं कशाला बोलायचं? "थोडा येतो. मला आवडतो."

ती हसली, मग डोळे पुसले. तिची आई खुणेने विचारत होती, काय चाललंय. मी तिला सगळं सांगितलं, की शुक्रवारी परत मुलाखत आहे, स्वतःची अडचण सांगायची आहे आणि तुझी पोर लाजतेय. आईने ऐकलं. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली. घसा परत दुखतोय, डॉक्टर बोललाय, फळी फार दिवस होणार नाही. फळी सुटली की घरात दुसरं काही येत नाही. हिला महिन्याची नोकरी पाहिजे. हे तिने तृप्तीलाही सांगितलेलं नव्हतं. पोरीने ओठांवरून वाचलं बहुतेक. तिचा चेहरा बदलला.

मी बोलले, "हे बघ तृप्ती, मंगळसूत्राचं मी नवऱ्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो गेला, तरी सांगितलं नाही. लाज वाटायची. आज वाटतं, सांगितलं असतं तर हसला असता, त्या काढ्यावर तर किती हसला असता. माझं चुकलं. तू सांग."

आईने वजन उचललं आणि पारड्यावर वाजवलं. ठाण. आणि बोट लेकीकडे.

"बरं," तृप्ती बोलली. "पण मावशी, तू सोबत चल."

तीन दिवस सरांनी तिच्याकडून तयारी करून घेतली. यादीतले दोन-तीन इंग्रजी वाक्प्रचार घालायचे ठरले, बॅक अगेन्स्ट द वॉल वगैरे. शुक्रवारी मी आणि सात पोरं. सरांना बॅच होती. ऑफिस असं, की चपला काढाव्या की घालून जावं कळेना. मी काढल्या. वॉचमन बोलला, घाला मावशी, इथे कोणी काढत नाही. सोफ्यावर बसले तर सोफा खाली जातो आणि आपण वर येत नाही.

एकेक पोरगा आत गेला, बाहेर आला. नीलेश आजोबाचं सांगून आला, बरा वाटला. शेवटी तृप्ती. दार काचेचं. मला पाठमोरी तृप्ती दिसत होती आणि समोर मॅडम. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आवाज काही येत नव्हता. परत तोंडाला कुलूप लागलं असणार.

आणि एकदम दाराची काच थरथरली.

"ए मावश्यांनो, ए ताई! बोंबील बघा बोंबील! वाजवून घ्या, मोडून घ्या!"

कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी उठून उभी राहिली. वॉचमन धावत आला. पलीकडच्या केबिनमधून एक साहेब डोकं बाहेर काढून बोलले, "कौन है? किलो कितने का?"

तृप्ती बाहेर आली ती पांढरी पडून.

"वाट लागली, मावशी."

"काय झालं? ओरडलीस का?"

"मॅडम बोलल्या, शो मी. कसं ओरडलीस ते दाखव. मी बोलले, इथे? त्या बोलल्या, येस. मग मी ओरडले. मग त्या खाली बघून लिहीत बसल्या. हसल्या पण नाहीत. थँक यू बोलल्या, आणि जा बोलल्या."

फळ्यावरचं इतकं शिकलो, पण खरी वेळ आली तेव्हा दोघींच्या तोंडात 'वाट लागली' एवढंच. बाकी काही आठवलं नाही.

सोमवारी फोन यायला लागले. नीलेशला आला. आणखी चौघांना आला. एकाला सरळ नाही सांगितलं. तृप्तीला काहीच नाही. ती क्लासला यायची बंद झाली. मंगळवारी सरांनी तिला फोन लावला, उचलला नाही. फळा पुसताना माझ्या डोक्यात एकच. पोरीला बाजार एसीत नेऊन ओरडायला मी लावलं. साधं काहीतरी सांगितलं असतं, बसमध्ये पाकीट मारलं वगैरे, तर कदाचित लागली असती. माझ्या अडचणीने एकदा नाव काटलं गेलं, माझ्या सल्ल्याने दुसऱ्यांदा. आता त्या फळीवर कोण बसणार, आणि किती दिवस?

बुधवारी दुपारची बॅच चालू होती. सर शिकवत होते, मी जिन्याच्या दारात चहाची किटली घेऊन उभी. जिन्यावरून कोणीतरी दम टाकत वर येत होतं. तृप्तीची आई. गळ्याला पंचा, साडीला सुकटीचा वास, पायात चपला उलट्यासुलट्या. तिने मला बघितलं आणि माझं मनगट धरलं. तोंड हललं, पण दम लागलेला, त्यात आवाज नाही. मी कान तिच्या तोंडाला लावला.

"लागली," ती कुजबुजली. "आता फोन आला. सोमवारपासून. ज्यांचं सामान हरवतं ते लोक भांडायला येतात ना, तिकडे बसवणार. मॅडम बोलली, त्यांच्यापुढे उभी राहणारी पाहिजे होती."

"अगं मग फोन करायचा!"

तिने स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं आणि हसली. फोनवर कुजबुज कोणाला ऐकू जाणार, म्हणून बाजारापासून चालत आली होती.

किटली मी जमिनीवर ठेवली. वर्गाचं दार ढकललं. सर फळ्यापाशी, वीस पोरं वहीत डोकी घालून. आयुष्यात मी चालू वर्गात अशी कधी घुसले नव्हते.

"तृप्तीला नोकरी लागली!" मी ओरडले. कशी ओरडले ते मला सांगता यायचं नाही, पण खालचा झेरॉक्सवाला वर आला.

पोरांनी खुर्च्या वाजवल्या, कोणी शिट्टी मारली. सर बाहेर येऊन तृप्तीच्या आईला नमस्कार करायला लागले, बसा म्हणायला लागले, चहा घ्या म्हणायला लागले. तिने हात हलवले. माझा पदर ओढून मला खाली वाकवलं आणि कानात बोलली, "नको, जाते. ती एकटीच आहे फळीवर, आणि आज गिऱ्हाईक लय आहे."

आणि चपला सरळ करून जिना उतरली.